मामांचं डॅलस आणि बाबांचा रुमाल

ताई, मी २२ वर्षांचा, सांगलीत विश्रामबागेत राहतो. डावखुरा स्पिनर. चौदा वर्षांखालच्या टीमपासून जिल्ह्याकडून खेळतोय. एकोणीस वर्षांखालच्या राज्य संघात एक सीझन मिळाला, तीन मॅच. नंतर दोनदा प्रोबेबल्समध्ये, म्हणजे संभाव्य खेळाडूंत, नाव आलं, कॅम्प झाला, शेवटच्या यादीत नाव नाही. यंदा इंजिनिअरिंग संपतंय. डॅलसचे मामा म्हणतात, एमएसला ये, इकडे लीग खेळ, तीन वर्षांत अमेरिकेच्या टीममध्ये दिसशील. बाबा पी.टी.चे सर होते, आता रिटायर. मी लहान असताना पहाटे शिवाजी स्टेडियमवर लेंग्थवर, म्हणजे चेंडूचा टप्पा पडायला हवा तिथं, रुमाल टाकून माझ्याकडून बॉलिंग करून घ्यायचे. मामांचं सांगितल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, 'माधवनगरची पोरगी देशाला वर्ल्डकप आणून देते आणि तू देशाविरुद्ध बॉल टाकणार?' आई म्हणते, जा. आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यात, चुलते गलाईच्या धंद्यात कोइमतूरला; तेही म्हणतात, जा. कर्जासाठी कुपवाड रोडचा प्लॉट तारण ठेवावा लागेल. मी जाऊ का? आणि हा खरंच देशद्रोह आहे का? सोबत एका मॅचच्या स्कोअरशीटचा फोटो पाठवतोय.
– एक डावखुरा

प्रिय डावखुऱ्या,

पत्राआधी तुझी स्कोअरशीट वाचली. बँकेत असताना अठरा-वीस वर्षं शनिवार-रविवार मी जिल्ह्याच्या सामन्यांचा स्कोअर लिहिला, ती खोड जात नाही. फोटो बोटांनी मोठा करून, चष्मा वर-खाली करत एकेक चौकट बघितली. २४ षटकं, ९ निर्धाव, ४७ धावा, ५ बळी. लिहिणाऱ्याचं अक्षर सुरेख आहे. निर्धाव षटकाचे सहा ठिपके जोडून 'एम' काढायची पद्धत अजून कुणीतरी पाळतंय, हे बघून फार बरं वाटलं.

आता ऐक. पाचातले तीन बळी आठ, दहा आणि अकरा नंबरचे, म्हणजे जेमतेम बॅट धरणाऱ्यांचे आहेत. पेपरात नुसतं 'पाच बळी' छापून येतं, चौकटीत खरं काय ते कळतं. पण मला आवडलं ते वेगळंच. तुझ्या अठराव्या षटकात त्यांच्या पाच नंबरने दोन सिक्स मारले, चौदा गेल्या. एकोणिसाव्यात परत सहा ठिपके, परत 'एम'. बरीच पोरं अशा वेळी चेंडूला उंची द्यायची बंद करतात, सपाट टाकत सुटतात, किंवा कॅप्टनकडे बघत चेंडू त्याच्या हातात देतात. तू दिला नाहीस. एवढं एका कागदावरून सांगता येतं. तू कुठवर जाशील ते मात्र सांगता येत नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. त्यात मामाही आले.

देशद्रोहाचं आधी संपवू, कारण तुला तोच शब्द लागलाय. क्रिकेटच्या बाबतीत निदान सांगलीकराने तरी तो तोंडात आणू नये. ११ मार्च १९१५ ला आपल्या गावात एका शाळामास्तरांच्या घरी विजय हजारे जन्मले. १९३९-४० च्या मोसमात पुण्यात ते महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ खेळले. आणि १९४१ पासून ते स्वतःच बडोद्याचे झाले! ज्यांना धुतलं त्यांनीच बोलावून घेतलं. नोकरी तिकडे, घर तिकडे, खेळ तिकडून. ती संस्थानं होती, देश नव्हते, हे मलाही कळतं. पण राजा वेगळा, निशाण वेगळं, आणि महाराष्ट्र-बडोदा सामना आला की हजारे समोरच्या बाजूला.

खरी गंमत पुढे आहे. १९४६ मध्ये लॉर्ड्सवर हजारेंची पहिली कसोटी. भारताचे कर्णधार इफ्तिखार अली खान पतौडी, जे १९३२ मध्ये सिडनीला पहिल्याच कसोटीत शतक ठोकून बसले होते, इंग्लंडकडून. त्याच लॉर्ड्सच्या सामन्यात गुल महंमद आणि अब्दुल हफीझ यांचंही पदार्पण. मार्च १९४७ मध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात बडोद्याचे हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाला ५७७ धावांच्या भागीदारीत राबवलं. हजारे २८८, गुल महंमद ३१९. कुठल्याही विकेटचा तो विश्वविक्रम २००६ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. पुढे पाच महिन्यांत फाळणी. गुल महंमद नंतर पाकिस्तानकडूनही एक कसोटी खेळले, १९५६ मध्ये. हफीझ पुढे अब्दुल हफीझ कारदार या नावाने पाकिस्तानचे पहिले कसोटी कर्णधार झाले, आणि १९५२ मध्ये संघ घेऊन दिल्लीत आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला होता, हजारेंच्या नेतृत्वाखाली. म्हणजे सांगलीच्या या माणसाचा पहिला कर्णधार आधी इंग्लंडचा, आणि ज्याच्यासोबत जगाचा विक्रम केला तो नंतर पाकिस्तानचा. अलीकडचं हवं असेल तर शुभम रांजणे घे. आजोबा वसंत रांजणे महाराष्ट्राचे, भारताकडून ७ कसोटी खेळलेले. नातू अमेरिकेकडून खेळतो.

पी.टी.च्या सरांना हजारे माहीत नाहीत असं सांगलीत होणार नाही. तुझ्या बाबांना यातलं निम्मं तरी पाठ असेल. भांडताना माणूस नेमकं पाठ असलेलंच विसरतो.

आणि घरचंच उदाहरण बघ. तुमच्या खानापूर-आटपाडीकडची किती घरं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली आहेत! तामिळनाडू, केरळ, पंजाब, जिथं सराफ पेठ तिथं आपला गलाईवाला. तुझ्या चुलत भावंडांना मराठीपेक्षा तमिळ बरी येत असेल. तरी यात्रेला गाड्या भरून गावाकडे येतात, देवळाच्या वर्गणीत त्यांचा आकडा सगळ्यात मोठा. त्यांना कुणी गद्दार म्हणालं का? बाबांनी सख्ख्या भावाला म्हटलं का? पोटापाण्याला लांब गेलेलं माणूस आपल्याकडे मोठंच मानतात. फक्त क्रिकेट आलं की आपल्या अंगात यायला लागतं.

बाबांनी माधवनगरचं नाव काढलं, त्यावर मात्र मी त्यांची बाजू घेणार नाही आणि तुझीही. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं, माधवनगरची स्मृती मानधना उपकर्णधार. त्या रात्री मीही रडले, खोटं कशाला बोलू. पण तुलना बघ. ती नऊ वर्षांची असताना महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात आली, अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालच्या. २०१३ मध्ये गुजरातविरुद्ध एका दिवसाच्या सामन्यात नाबाद २२४. 'कुठल्या देशाकडून खेळू' हा प्रश्न अशा खेळाडूला पडतच नाही. तुला पडलाय, कारण बाविसाव्या वर्षापर्यंत तुला कुणी शोधत आलेलं नाही. यात तुझा अपमान नाही. या देशात रणजीचे ३८ संघ आहेत, आपल्या एका राज्यातच तीन. प्रत्येक संघात डावखुऱ्या स्पिनरला जागा एक, फार तर दोन, आणि त्या जागेवर बसलेला माणूस दहा-दहा वर्षं हलत नाही. तुझं नाव यादीतून का गेलं ते मला माहीत नाही. कुणीतरी मुद्दाम काढलं असं तू पत्रात लिहिलं नाहीस, ही तुझी गोष्ट मला आवडली.

आता मामांकडे वळू. त्यांचं गणित निम्मं बरोबर आहे.

आयसीसीच्या नियमाने एखाद्या देशाकडून खेळायला तीन वाटा आहेत. तिथला जन्म, तिथला पासपोर्ट, किंवा सलग तीन वर्षं तिथलं वास्तव्य. तुझ्यासाठी तिसरी. वास्तव्य म्हणजे कागदावरचा पत्ता नव्हे, घर खरोखर तिथं असणं. दर हिवाळ्यात तीन-चार महिने सांगलीत येऊन स्पर्धा खेळायच्या आणि तरी वर्षं मोजायची, असं चालत नाही. एवढं पाळलंस तर तीन वर्षांनी तू पात्र होशील. मामांचं बरोबर असलेलं निम्मं ते इतकंच. पात्र होणं म्हणजे नुसतं लग्नाच्या वयात येणं, रे! पोरगी अजून बघायची असते.

उन्मुक्त चंदचं बघ. २०१२ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाचा कर्णधार, अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १११. भारतीय संघाचं दार उघडेना, म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये इथल्या क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर करून अमेरिकेला गेला. तीन वर्षं काढली, पात्र झाला, आणि २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक अमेरिकेतच असताना त्यांच्या संघात त्याचं नाव नव्हतं. आपल्या यादीतून नाव जाणं काय असतं ते तुला माहीत आहे. इतक्या लांब जाऊन, मागचं दार स्वतःच्या हाताने लावून घेतल्यावर तेच झालं तर?

तू बॅट्समन नाहीस, तुझा हिशेब वेगळा, म्हणशील. तोही करू. अमेरिकेच्या त्या विश्वचषक संघातले स्पिनर कोण होते? हरमीत सिंग, मुंबईकडून रणजी खेळलेला, उन्मुक्तच्याच २०१२ च्या संघातला. डावखुरा. दुसरा नॉस्थुश केंजिगे, अलाबामात जन्मलेला, भारतात वाढलेला, पाकिस्तानविरुद्ध ३० धावांत ३ बळी घेणारा. तोही डावखुरा! हे वाचून मला हसू आलं, तुला येणार नाही. ज्या रांगेतून कंटाळून तू बाहेर पडतोयस, तीच रांग तिकडे लागलेली आहे. मधल्या फळीत मिलिंद कुमार, ज्याने २०१८-१९ मध्ये सिक्कीमकडून एका रणजी मोसमात १३३१ धावा केल्या होत्या. तिथल्या खुर्च्यांवर बसलेली माणसं अशी आहेत.

या सगळ्यात मला मनापासून पटणारी एकच गोष्ट आहे, ती सौरभ नेत्रावळकरची. ती नीट वाच, कारण लोक तिचा शेवट सांगतात आणि सुरुवात विसरतात. मुंबईचा पोरगा, डावखुरा वेगवान. २०१० चा एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक के. एल. राहुल, मयांक अगरवाल, जयदेव उनाडकट यांच्यासोबत खेळला. मुंबईकडून प्रथम श्रेणीचा सामना मिळाला एक. एकच. इंजिनिअर होता, २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्ससाठी गेला. क्रिकेटसाठी गेला नाही हे लक्षात ठेव. क्रिकेट मागे टाकून गेला. मग ओरॅकलमध्ये नोकरी लागली, सुट्टीच्या दिवशी क्लबचं क्रिकेट सुरू झालं, वास्तव्याची वर्षं आपोआप भरली, २०१८ पासून अमेरिकेकडून खेळायला लागला, पुढे कर्णधारही झाला. ६ जून २०२४ ला डॅलसजवळ ग्रँड प्रेरीत, म्हणजे मामांच्या अंगणातच, पाकिस्तानच्या १५९ आणि अमेरिकेच्याही १५९. बरोबरी, म्हणून एकेका षटकाच्या सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेच्या १८. उत्तरात चेंडू नेत्रावळकरच्या हातात, आणि पाकिस्तान १३ वर थांबला. सहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये भारताविरुद्ध त्याने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर परत पाठवलं, पाठोपाठ रोहित शर्माला. त्याला कुणी देशद्रोही म्हटलं? निम्मी मुंबई कौतुक करत होती. आणि तेव्हाही त्याची ओरॅकलची नोकरी चालूच होती.

त्याची डिग्री स्वतःच्या पायावर उभी होती. क्रिकेट नसतं झालं तरी तो आज तिथं इंजिनिअर असता आणि कुणाचा प्लॉट तारणात अडकला नसता. तुझ्या बाबतीत उलटं चाललंय. बॉलिंगसाठी जायचं आणि एमएस हे त्याचं तिकीट. पत्रभर बघ, कुठल्या विषयात एमएस ते तू एकदाही लिहिलेलं नाहीस!

व्हिसाचंही मामांनी सांगितलेलं दिसत नाही. विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय पैसे घेऊन काम करता येत नाही, आणि लीगचं मानधन हे कामच. रविवारचं क्लब क्रिकेट हौसेने खेळशील, पण २०२३ पासूनची मेजर लीग किंवा तिच्या खालच्या मायनर लीगमध्ये पैसे घेऊन खेळायचं तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं लागेल. डिग्रीनंतर तंत्रज्ञानाच्या विषयांना ओपीटीची, म्हणजे शिकल्यावर तिथं काम करायच्या परवानगीची, तीन वर्षं मिळतात, पण तीही त्या विषयातल्या कामासाठी. पुढे एच-वन-बीची, म्हणजे नोकरीच्या व्हिसाची सोडत, आणि २०२५ च्या सप्टेंबरपासून नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क. त्यातून कुणाला सूट ते मामांच्या मित्राकडून नव्हे, वकिलाकडून लेखी घे. त्याच महिन्यात आयसीसीने अमेरिकेच्या क्रिकेट संघटनेचं सदस्यत्व निलंबित केलं. संघ खेळत राहतो, पण ज्या घरात सून म्हणून जायचं त्या घरात काय चाललंय ते आधी बघावं.

मागच्या दाराचंही ऐक. परदेशी लीग खेळायची तर बीसीसीआय इथल्या पुरुष खेळाडूला आधी भारतीय क्रिकेटमधून निवृत्ती घ्यायला लावते. पुढेमागे तिकडचा पासपोर्ट घेतलास तर इकडचा गेला, कारण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर गावच्या यात्रेला येता येतं, रणजी खेळता येत नाही. तेव्हा कुणी घाईने सही मागितली तर करू नकोस. बाविसाव्या वर्षी 'निवृत्त' हा शब्द स्वतःच्या नावापुढे लिहायला हात थरथरला पाहिजे.

अमेरिका नाही तर न्यूझीलंड, असा एक पर्याय तू पत्राच्या कडेला पेन्सिलीने लिहून खोडला आहेस. मला दिसला. एजाझ पटेल डोक्यात असणार, डावखुरा स्पिनर, मुंबईचा. तो आठ वर्षांचा असताना घरचे १९९६ मध्ये तिकडे गेले. कसोटी पदार्पण झालं तेव्हा तिशीत होता. डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर, जन्मगावी, त्याने एका डावात सगळेच्या सगळे दहा बळी घेतले, ११९ धावांत. जिम लेकर आणि अनिल कुंबळेनंतर तिसराच. भारताचा डाव गुंडाळला आणि अख्खं स्टेडियम त्याच्यासाठी उभं राहिलं. हे बाबांना सांगच. पण पुढचंही सांग. तिथून घरी गेल्यावर बांगलादेशविरुद्धच्या मायदेशातल्या कसोटी मालिकेत त्याला संघातच घेतलं नाही, कारण तिथल्या हिरव्या खेळपट्टीवर स्पिनरचं काम नव्हतं. दहा बळी घेऊनही! आपण टॉस जिंकल्यावर पिच बघतो, देश निवडताना बघत नाही.

इंग्लंडवर मी वेळ घालवणार नाही. ग्रॅमी हिक झिम्बाब्वेहून आला, इंग्लंडकडून खेळायला पात्र व्हायला सात वर्षं थांबला, वाट बघता बघता १९८८ मध्ये काउंटीत एका डावात नाबाद ४०५ केल्या. प्रथम श्रेणीत १३६ शतकं. आणि कसोटीत सरासरी ३१. इतकी वर्षं लोकांनी अपेक्षा साठवून ठेवल्या की त्याच्या बॅटला त्या पेलल्या नाहीत, असं माझं मत. तुझ्याकडून निदान कुणी अपेक्षा तरी ठेवलेली नाही, तेवढं तुझं बरं आहे.

तर जायचं का? मी असते तर आज रात्री एक काम केलं असतं. क्रिकेट हा शब्द बाजूला ठेवून ते एमएस परत वाचलं असतं. विषय कुठला, कॉलेज कुठलं, तिथून बाहेर पडलेल्यांना नोकरी लागते का, कर्ज किती वर्षांत फिटेल. डाव्या खांद्याला उद्या काही झालं आणि आयुष्यात परत चेंडू टाकता आला नाही, तरी मी तिथं जाईन का? उत्तर 'हो' असेल तर जा, किट बॅग सोबत ने, आणि पहिल्या रविवारी कुठला क्लब खेळतो ते मामांना शोधायला लाव. ते त्यांना चांगलं जमेल. उत्तर 'नाही' असेल तर प्लॉटला हात लावू नकोस. देशाच्या संघाच्या टोपीच्या आशेवर आईबापाचा प्लॉट बँकेत ठेवायचा नसतो. मी त्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसले आहे, तारणाचे कागद परत न्यायला कोण येतं आणि कोण येत नाही ते मी पाहिलं आहे.

दोन्हीतलं काहीही ठरलं तरी अर्ज आणि व्हिसात वर्ष जाईलच. तो सीझन पूर्ण खेळ. तेवीस वर्षांखालच्या गटात तुझी ती शेवटची संधी असेल, नंतर फक्त खुला गट. सांगलीच्या मॅटवर तळाचे फलंदाज गुंडाळून पाच बळी होतात. पुण्यातल्या एखाद्या क्लबकडून टर्फवर, म्हणजे गवताच्या खेळपट्टीवर, पहिल्या पाच नंबरांना बॉलिंग कर, आणि त्याची स्कोअरशीट पाठव. तुला खरंच ओळखणाऱ्या, पण मामा-चुलते नसलेल्या एखाद्या जुन्या रणजी खेळाडूसमोर तासभर नेटमध्ये टाक आणि त्याला तोंडावर विचार, 'सर, आहे का?' उत्तर ऐकायला एकटा जा.

राहिले बाबा. मला नाही वाटत की त्यांना तिरंगा खुपतोय. बारा-चौदा वर्षं पहाटे उठून ज्या माणसाने लेंग्थवर रुमाल टाकला, त्याच्या मनात एक चित्र आहे. पोरगा भारताच्या जर्सीत, आणि आपण टीव्हीसमोर. तुझं पत्र म्हणजे ते चित्र पूर्ण होणार नाही याची पहिली लेखी कबुली. ती तू दिलीस, त्यांनी अजून दिलेली नाही. देशाचं नाव पुढे केलं की स्वतःचं दुःख सांगावं लागत नाही. आमच्या पिढीला ते फार सोयीचं पडतं. त्यांना हजारे-पतौडींचे दाखले देऊन हरवायला जाऊ नकोस, मी वर दिले ते तुझ्यासाठी आहेत. येत्या रविवारी सहा वाजता त्यांना स्टेडियमवर घेऊन जा. यायला नाही म्हणतील. गाडी सुरू करून दारात उभा राहा. रुमाल तू खिशात ने. अमेरिकेचा विषय काढू नकोस. खेळपट्टीवर गेल्यावर रुमाल त्यांच्या हातात दे आणि एवढंच विचार, 'कुठं टाकू?' ते जागा दाखवतील. न बोलता दाखवली तरी चालेल.

एमएसचा विषय आणि कॉलेजचं नाव मला कळव, पुढचं त्यावर बोलू. आणि ज्याने तो स्कोअर लिहिलाय त्याला सांग, तुझ्या खात्यात ४७ लिहिल्यात, मी दोनदा मोजल्या, ४६ होतात. बाविसाव्या षटकातली लेग-बाय तुझ्यावर चढवली आहे.